मेंदूच्या नकाशाची किंमत

मुंबईत न्यूरोसर्जरीचा पाया घालणाऱ्या पहिल्या पिढीत डॉ. राम गिंडे यांचे नाव घेतले जाते. त्यांचे प्रशिक्षण कॅनडातील माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये, वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली झाले. १९४९ साली वेल्लोरला हा विभाग उभारणारे डॉ. जेकब चंडीही तेथेच शिकले होते. त्या संस्थेची कीर्ती एका नकाशाशी जोडलेली आहे : मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा कोणता अवयव कोठे आहे, याचा नकाशा.

नकाशाचा उगम मात्र पेनफिल्डच्या आधीचा. लंडनचे ह्यूलिंग्ज जॅक्सन अपस्माराच्या रुग्णांना केवळ न्याहाळत असत. काहींचा झटका अंगठ्यात सुरू होई, मग हातातून चेहऱ्याकडे सरके. झटक्याला ठरलेली वाट असेल, तर मेंदूतही अवयवांची काही मांडणी असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह लावला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. तर्काला पुरावा मिळाला.

पुढचे पाऊल लज्जास्पद होते. १८७४ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टराने मेरी रॅफर्टी या स्त्रीच्या मेंदूत सुया खुपसून प्रवाह सोडला. व्रणामुळे तिची कवटी झिजून मेंदू उघडा पडला होता. प्रवाह वाढवताच तिला आकडी आली आणि काही दिवसांतच ती दगावली. बार्थोलोने नंतर खेद व्यक्त केला. त्या प्रयोगातून तिला कोणताही लाभ होणार नव्हता, हे येथे स्पष्टच म्हटले पाहिजे.

पेनफिल्डची पद्धत वेगळी ठरते ती याच कसोटीवर. अपस्माराचे मूळ असलेला भाग कापून काढायचा, पण रुग्णाचा हात किंवा वाचा जाऊ द्यायची नाही, हा त्यांच्यापुढचा पेच होता. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे केवळ टाळू बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येई. विजेच्या स्पर्शाने बोट हलले किंवा ओठाला मुंग्या आल्या, की त्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवली जाई. रुग्ण सांगत असे, शल्यविशारद नोंदवत असे. १९३७ साली एडविन बोल्ड्री यांच्यासह त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यासोबत आले ते श्रीमती कँटली यांनी रेखाटलेले विद्रूप माणसाचे चित्र, होम्युंक्युलस.

मेंदूतील मध्यवर्ती खाचेच्या पुढे हालचालीचा पट्टा, मागे संवेदनेचा. पाय मध्यरेषेकडे, चेहरा खाली, हात मधोमध. जागेची वाटणी अवयवाच्या आकाराने होत नाही, कामाच्या बारकाव्याने होते. गास-वसईच्या पट्ट्यात पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडणाऱ्या हाताची बोटे पाहावीत. कोणती कळी आज उमलेल हे ती चाचपून ओळखतात. नकाशात त्या बोटांना अख्ख्या पाठीपेक्षा अधिक जागा आहे. इतर सस्तन प्राण्यांतही हाच न्याय. १९४० च्या दशकात इंग्लंडचे एडगर एड्रियन यांना डुकराच्या मेंदूत स्पर्शाच्या क्षेत्रावर मुस्कटाचेच राज्य दिसले, तर तट्टाच्या मेंदूत नाकपुडीला मोठा वाटा. उंदराच्या मिशीतील प्रत्येक मोठ्या केसासाठी पेशींचा स्वतंत्र पुंजका असतो, हे १९७० साली वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी दाखविले.

होम्युंक्युलस पाठ्यपुस्तकांत इतका रुळला की, मूळ निरीक्षणांपेक्षा चित्रच खरे वाटू लागले. प्रत्यक्षात एकाच अवयवाच्या जागा रुग्णागणिक सरकत होत्या, एकमेकींवर चढत होत्या. शिवाय तो माणूस पुरुष आहे. स्त्रीशरीराचा नकाशा कित्येक दशके कोराच राहिला. २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखविले की, हालचालीच्या पट्ट्यात पाय, हात आणि तोंड यांच्या दरम्यान असे भाग आहेत जे कोणत्याही एका अवयवाचे नाहीत. ते संपूर्ण शरीराच्या कृतीच्या आखणीशी जोडलेले आहेत. पेनफिल्डच्या चित्रात त्यांना जागाच नव्हती.