‘भरड’ धान्याचे नाव का बदलले?

अकोल्यात मधुमेहाच्या रुग्णाला ज्वारीची भाकर सुचवली की काही जण अजूनही ओशाळतात. यात थोडा दोष नावाचाही आहे. सरकारी कागदांत ज्वारी, बाजरी वर्षानुवर्षे ‘भरड धान्य’ होती. भरड म्हणजे जाडेभरडे, आणि गुरांना घालतो तोही भरडाच. (आपल्या भरड्याच्या वड्यांना मात्र कुणी नाव ठेवत नाही!)

इंग्रजीत मोहरीच्या कुळातल्या ‘रेप’ या पिकाचे असेच झाले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सलगम. पण त्याच उच्चाराचा दुसरा इंग्रजी शब्द म्हणजे बलात्कार. कॅनडात 1978 मध्ये ‘कॅनोला’ हे नाव नोंदवले गेले, तेही इरुसिक आम्ल कमी असलेल्या नव्या वाणांसाठी. म्हणजे तिथे नावाआधी बी बदलले होते.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2018 मध्ये ‘पोषक धान्य’ आणि 2023 च्या अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ म्हटले. दाणा तोच राहिला. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, ही जमेची बाजू. पण कर्बोदकेही 65 ग्रॅमच्या वर. दोनाच्या चार भाकरी झाल्या, तर साखर वाढणारच.