एकाच मठातली दोन पुस्तकं

शेवटच्या भोजनात येशूने भाकरीला आपलं शरीर म्हटलं आणि द्राक्षारसाला आपलं रक्त. मिस्सामध्ये पाद्री तेच शब्द उच्चारतो तेव्हा नेमकं काय होतं? पहिली आठेकशे वर्षं चर्चने याचं एकच एक ठाम उत्तर दिलं नव्हतं. चाललं होतं आपलं.

मग ८३१ च्या आसपास उत्तर फ्रान्समधल्या कोर्बी मठातल्या पास्कासियस राडबर्टस या साधूने यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. कारण तसं व्यावहारिकच. शार्लमेनने सॅक्सन लोकांना तीसेक वर्षं झोडपून ख्रिस्ती केलं होतं, आणि त्यांच्या मुलखात कोर्बीची नवी शाखा निघाली होती, कोर्वाय. तिथल्या नवशिक्या साधूंसाठी हे पुस्तक, म्हणजे युजर मॅन्युअलच म्हणा ना! त्यात राडबर्टस सरळ सांगतो की वेदीवरचं शरीर हे मरियेच्या पोटी जन्मलेलं, क्रुसावर गेलेलं तेच शरीर आहे. दिसते भाकरी, पण ते फक्त दिसणं.

पुढे राजा चार्ल्स (टक्कल्या चार्ल्स, हे इतिहासातलंच नाव बरं का) याने कोर्बीतल्याच रात्रामनसला विचारलं, हे गूढ अर्थाने की प्रत्यक्षात? रात्रामनसने ८४३ च्या सुमारास त्याच नावाचं पुस्तक लिहून उत्तर दिलं : तेच शरीर नव्हे. डोळ्यांना दिसते ती भाकरीच. ख्रिस्त मिळतो तो श्रद्धेला, पण खरोखर मिळतो. नुसता पॉइंटर म्हणून सोडून देता येत नाही, हीच तर गंमत आहे. राडबर्टस तेव्हा मठाधिपती झालेला किंवा होऊ घातलेला, पण पुस्तकात त्याचं नाव कुठेच नाही.

मला हा सभ्यपणा फार आवडतो. कारण पुढचं वाचवत नाही. १०५० मध्ये व्हेर्चेल्लीच्या सभेने रात्रामनसचं पुस्तक दोषी ठरवलं, तेही जॉन स्कॉटस एरियुजेनाचं समजून! १०५९ मध्ये रोममध्ये बेरेंगारकडून वदवून घेतलं गेलं की भाविकांच्या दातांखाली ख्रिस्ताचं शरीर खरोखर चावलं जातं. इतकं तर राडबर्टसही म्हणाला नव्हता. सोळाव्या शतकात ते पुस्तक छापून आलं, निकोलस रिडली या इंग्लिश बिशपला ते पटलं, आणि १५५५ मध्ये ऑक्सफर्डला त्याला जाळलं.

रात्रामनस स्वतः मात्र कोर्बीतच राहिला. ८६८ च्या सुमारास ग्रीकांच्या आक्षेपांना पश्चिमेच्या चर्चतर्फे उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हाही त्याने पुस्तक लिहून दिलं.