इंचाचा ठसा

ताडाळीहून घुग्घुसला येणाऱ्या रेल्वेफाट्यावरील दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर आहे. मेट्रिक पद्धतीने विचार करणाऱ्या कोणी माणसाने हा आकडा ठरविला नसता. ते मूळचे साडेपाच फूट. फुटांचा व्यवहार कायद्याने संपला, तरी रूळ उखडून पुन्हा टाकावे असे कोणास सुचले नाही, व ते योग्यच झाले. आम्हांला बोलावयाचे आहे ते अशाच एका वारशाने आलेल्या, परंतु फार लहान अंतराविषयी. आयसीच्या शेजारशेजारच्या दोन पायांमधील २.५४ मिलिमीटरांविषयी.

एखादा विद्यार्थी पहिल्यानेच सर्किट बोर्ड आखावयास बसला, की त्याला आयसीचा फूटप्रिंट करावा लागतो. फूटप्रिंट म्हणजे त्या आयसीचे पाय बोर्डावर जेथे उतरतील, तेथील छिद्रांचा व तांब्याच्या टिकल्यांचा आराखडा. तो काढावयाचा उत्पादकाने दिलेल्या डेटाशीटवरून. डेटाशीटच्या शेवटच्या पानांवर आयसीचे वरून, बाजूने व टोकाकडून पाहिलेले चित्र असते, मापांच्या जागी अक्षरे असतात, आणि खाली कोष्टकात प्रत्येक अक्षराचे किमान व कमाल माप, बहुधा इंचांत आणि मिलिमीटरांत असे दोनदा छापलेले असते. नवखा माणूस गोंधळतो तो येथे. एकाच वस्तूला दोन मापे का?

याचे उत्तर इतिहासात आहे. व्हिएन्नाहून १९३६ साली इंग्लंडात आलेल्या पॉल आइस्लर याने तारांऐवजी तांब्याच्या पत्र्यातून कोरलेल्या रेषांवर रेडिओ चालवून दाखविला. दुसऱ्या महायुद्धात ही कल्पना तोफगोळ्यांच्या फ्यूजपर्यंत पोचली, व युद्धानंतर ती अमेरिकेच्या कारखान्यांत रुजली. तेथील कारागिराचा हात इंचांत चाले. १९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेली चौदा पायांची आयसी घडविली गेली. पायांमध्ये एक दशांश इंच, दोन रांगांमध्ये तीन दशांश इंच. पायांमधून तांब्याची रेघ नेण्यास जागा उरावी, हा त्यातला हिशेब होता. तेच २.५४ आणि ७.६२ मिलिमीटर.

हिंदुस्थानने मात्र त्याआधीच दशमान पद्धतीचा रस्ता धरला होता. कायदा १९५६ चा. मेट्रिक वजनमापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याहीपूर्वी, १ एप्रिल १९५७ रोजी, नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैसा देणार कसा? म्हणून सरकारी कोष्टकात एक आण्याचे सहा, दोनाचे बारा, तिनाचे एकदम एकोणीस, आणि चाराचे पंचवीस. सुटा आणा सहा पैशांनी सोळा वेळा मोजला, तर रुपयाचे शहाण्णवच होतात. वाण्याच्या दुकानात या पाव पैशावरून काय बोलणी झाली असतील, हे आपणांस सांगावयास नको.

हीच पाव पैशाची गोष्ट सोव्हिएत कारखान्यांत घडली. अमेरिकन आयसींच्या नकला करताना तेथे पायांचे अंतर सरळ २.५ मिलिमीटर धरले गेले. फरक अवघा ०.०४ चा. चौदा पायांच्या आयसीत एका रांगेत सहा अंतरे, म्हणजे एकूण फरक ०.२४, आयसी मधोमध बसविली, तर प्रत्येक टोकाला ०.१२. छिद्र ०.८ चे व पायाची रुंदी सुमारे ०.४६, तेव्हा दोन्ही बाजूंना ०.१७ ची मोकळीक असते. आयसी निमूट बसते. परंतु चाळीस पायांची घ्या. एका रांगेत एकोणीस अंतरे, फरक ०.७६, टोकाला ०.३८. पाय वाकविल्यावाचून ती त्या छिद्रांत जात नाही. आमचा नवखा विद्यार्थी २.५४ चे २.५ करतो, तेव्हा नकळत हाच प्रयोग करीत असतो. लहान आयसीवर तो जमतो, व जमला म्हणूनच पुढे घात करतो.

दुसरा सापळा रुंदीचा आहे. कारखान्यातून आलेल्या आयसीचे पाय किंचित फाकलेले असतात, आणि कोष्टकात या फाकलेल्या पायांचेही कमाल माप दिलेले असते, १०.९२ मिलिमीटर. ते रांगांमधले अंतर नव्हे. छिद्रे ७.६२ वरच पाडावयाची. छिद्राचा व्यासही पायाच्या रुंदीवरून काढून चालत नाही. पाय चपटा, छिद्र गोल. तेव्हा कमाल रुंदी ०.५६ व कमाल जाडी ०.३६ यांचा कर्ण घ्यावा लागतो. तो ०.६७ च्या आसपास येतो, म्हणून ०.८ चे छिद्र. पायांची गणती वरून पाहताना खाचेच्या डावीकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट दिशेने जाते. चित्र खालून पाहिलेले असेल, तर सारे उलटते.

हे सारे पूर्वी महाग सामग्रीवाचून शिकता येत नसे. १९९२ साली ग्रेनोबल येथील अध्यापक झाँ-पियर शारा यांनी किकॅड ही प्रणाली सुरू केली, ती आज कोणासही फुकट मिळते. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने तिच्याच आधारावर ईसिम उभे केले. घुग्घुसचा मुलगा व ग्रेनोबलचा मुलगा आता एकाच कागदावर आखतात. फरक उरतो तो चुकीच्या किमतीत. बोर्ड दूरच्या शहरातून बनवून आणावयाचा, चूक कळणार तो हातात पडल्यावर, आणि पैसे घरातून मागून घेतलेले. तयार संग्रहातला फूटप्रिंट उचलावा, असा सल्ला अनेक जण देतात. आमचे मत वेगळे आहे. पहिला तरी हाताने करावा, मूळ प्रमाणात कागदावर छापावा, आणि आयसीचे पाय त्या ठिपक्यांवर टेकवून पाहावे. एका कागदाचा खर्च आहे.

पृष्ठभागावरच चिकटणारे भाग आल्यावर मापे मिलिमीटरांकडे झुकली. पायांमधील अंतर ०.६५, ०.५ असे आले. पण इंच गेला नाही. तांदळाच्या कणीएवढ्या रोधकाच्या आकाराचा ०६०३ हा सांकेतिक आकडा इंचांत वाचला, तर तो १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा, मिलिमीटरांत वाचला, तर ०.६ बाय ०.३ चा. म्हणूनच किकॅडच्या संग्रहात त्याच्या नावात दोन्ही आकडे लिहिलेले असतात: आधी ०६०३, आणि पुढे १६०८ मेट्रिक.