आईची ठुमरी, मुलाचे ड्रम्स: त्रिलोक गुर्टूंच्या ‘उस्फ्रेट’वर ऐकणाऱ्यांचं एकमत का होत नाही?

शोभा गुर्टू म्हटलं की ठुमरी, दादरा, कजरी आठवते. सिनेमावाल्यांना ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ (1978) मधलं ‘सैंया रूठ गए’ आठवतं. पण याच शोभाताईंचा आवाज एका जॅझ फ्युजन अल्बममध्येही आहे. त्या अल्बमचा म्होरक्या होता त्यांचाच मुलगा, त्रिलोक गुर्टू. अल्बमचं नाव ‘उस्फ्रेट’, साल 1988.

हा अल्बम कुणी डोक्यावर घेतो, तर कुणी दहा मिनिटांत बंद करतो. असं का होतं?

त्रिलोक गुर्टू कोण?

जन्म 1951 चा, मुंबईचा. आई शोभा गुर्टू मूळच्या बेळगावच्या. त्रिलोक लहानपणी तबला शिकले आणि पुढे पाश्चात्त्य ड्रम्सकडे वळले. रेकॉर्डिंगमध्ये एकावर एक आवाज चढवतात, हे त्यांना सुरुवातीला माहीतच नव्हतं. रेकॉर्डवर ऐकू येणारे सगळे ठोके एकच माणूस वाजवतो असं समजून ते तसं वाजवायला लागले. हा किस्सा त्यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितलाय.

त्यातूनच त्यांची वेगळी पद्धत घडली. ड्रमर स्टुलावर बसतो, हे मात्र जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर बसतात. समोर तबला, ड्रम्स, झांजा आणि पाण्याची बादलीसुद्धा! वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. 1984 मध्ये कॉलिन वॉलकॉट यांच्या अपघाती मृत्यूनंतर ते ‘ओरेगॉन’ या बँडमध्ये गेले. पुढे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीतही वाजवलं.

अल्बममध्ये आहे काय?

‘उस्फ्रेट’ जर्मनीच्या सीएमपी या कंपनीने काढला. ट्रम्पेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर ‘शक्ती’वाले एल. शंकर, बासवर योनास हेलबोर्ग, पियानो-कीबोर्डवर दानिएल गोयोन. आणि गायला शोभाताई, तेव्हा साठी ओलांडलेल्या. एका रचनेचं नावच आहे ‘शोभारॉक’.

ज्यांना खटकतो, त्यांचं म्हणणं

पहिला आक्षेप ठुमरीवाल्यांचा. ठुमरीत एकच ओळ गायिका वेगवेगळ्या भावाने फुलवते. त्याला निवांतपणा लागतो. तबल्याने ठेका धरायचा आणि गाण्याला जागा द्यायची. इथे आवाजाखाली ड्रम्स आणि बास सतत हलत असतात. मग वाटतं, एवढी मोठी गायिका नुसती रंग भरायला घेतली की काय?

दुसरा आक्षेप रॉक आणि जॅझवाल्यांचा. फ्युजनमध्ये त्यांना लांब सोलो हवा असतो. इथे मोठमोठी नावं आहेत, पण त्यांना मोकळं सोडलेलं नाही.

तिसरी तक्रार साउंडची. कीबोर्डचा आवाज 1980 च्या दशकातला आहे, हे लपत नाही.

ज्यांना आवडतो, त्यांचं म्हणणं

ते म्हणतात, हा गायिकेचा अल्बम नाही आणि गिटारवाल्याचाही नाही. हा ड्रमरचा अल्बम आहे, तो तसाच ऐका. ड्रमर म्होरक्या असण्यात नवीन काही नाही. बिली कोबहॅम यांनी 1973 मध्ये ‘स्पेक्ट्रम’ काढला होता. पण तिथे गिटार आणि कीबोर्ड चमकतात, ड्रम्स त्यांना जोर देतात. ‘उस्फ्रेट’मध्ये लय हाच विषय आहे. सूर तिच्यावरून चालतात.

आणि ठुमरीचा अपमान म्हणाल, तर एक गोष्ट विसरू नका. ठुमरीच्या शेवटी ‘लग्गी’ येते. गायिका ओळ धरून ठेवते आणि तबलजी मोकळा सुटतो. म्हणजे लयीने पुढे येणं ठुमरीला परकं नाहीच. ठुमरीत जे शेवटी थोडा वेळ घडतं, ते मुलाने इथे ऐसपैस पसरवलंय, असंही ऐकता येतं.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये ज्यांनी तमाशा पाहिलाय, त्यांना तर हे नवीन वाटायचं कारण नाही. त्या प्रकाराचं नावच ‘ढोलकी फडाचा तमाशा’. गण सुरू व्हायच्या आधी ढोलकी आणि हलगीची सलामी झडते. त्या वेळी ना गाणं असतं ना गोष्ट, तरी माणसं शिट्ट्या मारतात. कारण ते वाजवणं साथ म्हणून नसतं, तोच कार्यक्रम असतो. ‘उस्फ्रेट’ ऐकताना तोच कान लावायचा.

मग खरं कुणाचं?

साउंड जुना झालाय ही तक्रार रास्त आहे. सोलो आखडते आहेत हेही खरं. पण आईला नुसतं सजावटीला घेतलं, हा आरोप टिकत नाही. पाच वर्षांनी, 1993 च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी यांच्यासारखी मंडळी होती, तिथेही शोभाताई गायल्या. 2002 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला, 2004 मध्ये त्या गेल्या. ठुमरीच्या या थोर गायिकेचा आवाज जॅझच्या श्रोत्यांपर्यंत पोचला तो मुलाच्या या रेकॉर्ड्समुळे. टाल्विन सिंग, नितीन साहनी या ब्रिटनमधल्या पुढच्या पिढीलाही ‘उस्फ्रेट’ने वाट दाखवली असं मानलं जातं.

ऐकायचा कसा?

आधी शोभाताईंची एखादी साधी ठुमरी ऐका, लग्गीपर्यंत. मग हेडफोन लावून ‘शोभारॉक’ दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त आवाजाकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त ठोक्यांकडे. दुसऱ्यांदा ऐकताना हाताने ताल धरावासा वाटला, तर अल्बम तुमचा. नाही वाटला, तर शोभाताईंची ठुमरी आहेच.