एका भूकंपाच्या मितीचा निर्णय

ज्या भूमीवर त्या काळीं लेखनच नव्हतें, तेथील भूकंपाची मिति प्रहरासुद्धां ठरवितां येईल, असें कोणी म्हटल्यास संशोधक तें सहसा मान्य करणार नाहीं. परंतु उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासंबंधानें असा निर्णय लागला आहे. व तो लागला परक्या दप्तरांतील किरकोळ नोंदींवरून.

जपानांत गेन्रोकु संवताच्या १२ व्या वर्षीं, १२ व्या महिन्याच्या ८ व्या दिवशीं, म्हणजे २७ जानेवारी १७०० रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास, कुवागासाकी गांवांत समुद्र शिरला. पाण्यानें १३ घरें गेलीं. पाठोपाठ लागलेल्या आगींत २० जळालीं. मिहो गांवच्या मुख्यानें वृद्धांस व मुलांस देवस्थानीं जाण्यास सांगितलें, आणि भूकंप जाणवला नसतां लाटा कशा आल्या, याचें नवल लिहून ठेविलें. हें कोडें सुमारें ३०० वर्षें उलगडलें नाहीं.

इकडे कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून व्हँकूव्हर बेटापर्यंत, सुमारें ११०० किलोमीटर लांबीच्या पट्टींत, समुद्राचा तळ अमेरिका खंडाखालीं सरकत असतो. हें सरकणें निमूटपणें होतें कीं मधूनमधून महाभूकंपानें, याविषयीं लेखी पुरावा नव्हता. १९८७ सालीं ब्रायन ॲटवॉटर यांनीं वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एकाएकीं खचलेली जमीन व तिजवर लाटेनें पसरलेली वाळू दाखवून दिली. १९९६ सालीं केन्जी साताके व त्यांचे सहकारी यांनीं जपानी नोंदींवरून उलट गणित मांडिलें. महासागर ओलांडण्यास लाटेस सुमारें १० तास लागतात. सबब अमेरिकेंत भूकंप २६ जानेवारीस रात्रीं ९ च्या सुमारास झाला, व त्याची तीव्रता ९ च्या जवळपास होती. पुढील वर्षीं, खाऱ्या पाण्यानें मेलेल्या सीडर वृक्षांच्या वलयांवरून त्यांचा मृत्यु ऑगस्ट १६९९ ते मे १७०० यांच्या दरम्यान ठरला. दोन्ही स्वतंत्र साक्षी जुळल्या.

जें एकदां झालें तें पुन्हां होणें शक्य आहे; म्हणून हा निर्णय केवळ जिज्ञासेचा नसून त्या किनाऱ्यावरील लाखों लोकांच्या जीविताशीं निगडित आहे. मिहोच्या मुख्यास कारण कळलें नव्हतें. तरी त्यानें पाहिलें तें लिहिलें. आपल्या संग्रहांतील जमाखर्चाच्या कडेस किंवा पोथीच्या मलपृष्ठावर अशी असंबद्ध नोंद दिसल्यास ती निरर्थक म्हणून वगळूं नये. मितीसह जशीच्या तशी उतरून घ्यावी. तिची जोडसाक्ष कोठें पडून असेल, हें आज सांगतां येत नाहीं.