घराण्याची दप्तरे
घराण्याची दप्तरे म्हणजे सनदा, निवाडे, जमाखर्च आणि खासगी पत्रे. ती जुन्या घरांत रुमालात बांधून माळ्यावर ठेवत; वाळवी आणि कोकणातला पाऊस हे त्यांचे मोठे शत्रू. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद मिळवले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ती परंपरा पुढे चालवली. असे कागद हाताळताना रुमालातला त्यांचा मूळ क्रम कधीही मोडू नये, कारण बिनतारखेच्या पत्राचा काळ पुष्कळदा शेजारच्या कागदावरूनच ठरतो. मात्र सगळेच कागद घरच्या दप्तरात सापडत नाहीत. गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी तरुणपणीच आपली प्रमाणपत्रे जाळली. त्यांची पत्रे शोधणाऱ्याने गांधीजी, जमनालाल बजाज यांच्या कागदांकडे वळावे, कारण धाडलेले पत्र घेणाऱ्याच्या दप्तरी पडते.