सायबर गुन्ह्यातील साहाय्य : जाणिवेचा पुरावा

सायबर फसवणुकीसाठी खाते, सिमकार्ड वा एटीएम कार्ड पुरवणाऱ्यास त्या फसवणुकीची कल्पना होती, हे सिद्ध करणे. खाते वापरले गेले एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये चोरीच्या मालाच्या व्याख्येत आता ठकवणुकीने मिळवलेली मालमत्ताही येते. मात्र ती तशी असल्याचे आरोपीला माहीत असावे, किंवा तसे मानायला कारण असावे लागते.

तुलनेसाठी चंद्रपूर-गडचिरोलीत लाकडाचा दाखला जवळचा. पकडलेले सागवान कोणाचे, असा वाद निघाला की भारतीय वन अधिनियम, 1927 चे कलम 69 ते सरकारचेच धरते. उलट असेल तर ते सिद्ध करावे लागते. कलम 317 मध्ये खात्यातल्या पैशाला असे गृहीतक नाही. म्हणून जाणीव परिस्थितीवरून ताडावी लागते : पासबुकात मजुरीच्या, तेंदूपत्त्याच्या चार नोंदी आणि मध्येच एका दुपारी आलेले लाखभर रुपये, तासाभरात वळते, कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या खिशात, खात्याला जोडलेला मोबाइल भलत्याचाच. ही शेवटची खूण दुधारी आहे. खातेदार स्वतःच फसला असेल, असेही ती सांगते.

चॅट वा बँकेच्या संगणकीय नोंदींच्या प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्याखाली ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या खोतकर–गोरंट्याल निवडणूक खटल्यात पक्की केली.

असे साहाय्य न्यायालयात सिद्ध झाल्याचे एक उदाहरण : पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील ऑगस्ट 2018 च्या सायबर हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्या प्रकरणी 11 जण 2023 मध्ये दोषी ठरले.